छातीवरचा गरुड, हातातली बंदूक

आधी पक्षी, मग चिलखत, मग थेट बंदूक! मोठ्या रोबोच्या खोक्यात 'सोबत मोफत' येणारं हे पिटुकलं पाखरू एकाच वेळी खेळणं आहे, हत्यार आहे आणि तुमच्या-आमच्या नोकरीवरची मस्त कॉमेंटसुद्धा!

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा प्राणी असतोच. वय सत्तावीस-अठ्ठावीस, गळ्यात आयकार्ड, डोक्यावर होम लोन आणि कीबोर्डच्या शेजारी उभा एक छोटा रोबो. कॉन्फरन्स कॉल लांबला की याचा हात आपोआप त्या रोबोकडे जातो. खट्... खट्... खटाक! कॉल संपेपर्यंत रोबोचा ट्रक झालेला असतो. 'लहान आहेस का रे?' असं विचारणारेही थोड्या वेळानं हळूच म्हणतात, 'बघू जरा, कसं होतं ते?'

आज आपण बोलणार आहोत ते मात्र या मोठ्या रोबोबद्दल नाही. त्याच्या हातात जी बंदूक असते ना, तिच्याबद्दल. कारण काही खेळण्यांमध्ये ती बंदूक नुसती बंदूक नसते. तिचे पंख उलगडले, मान वर काढली, पाय खाली केले, की तिचा गरुड होतो. ससाणा होतो. टेबलावर उभा राहून तुमच्याकडे रोखून बघतो!

ट्रान्सफॉर्मर्स म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना मायकल बेचा 2007 चा सिनेमा आठवतो. ट्रकचा ऑप्टिमस प्राइम, पिवळ्या कमॅरोचा बम्बलबी, नुसती धडामधुडुम. पण या बड्या स्टार मंडळींच्या सावलीत छोट्या साथीदारांची एक अख्खी जमात गेली चाळीस वर्षं गुपचूप काम करतेय. तिची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे, बॉस!

तेल महागलं, बाहुला आक्रसला

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. 1964 साली हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो नावाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला. जपानच्या ताकारा कंपनीनं 1970 मध्ये तो आपल्याकडे विकायला घेतला. पुढे 1972 मध्ये त्याच बांध्यावर ताकारानं पारदर्शक शरीराचा 'हेन्शिन सायबॉर्ग' काढला. हेन्शिन म्हणजे रूपांतर. आतलं यंत्र बाहेरून दिसतंय, अशी भन्नाट आयडिया.

आणि मग आलं 1973 चं तेलसंकट. प्लॅस्टिक तेलापासून बनतं, तेल महाग तर प्लॅस्टिक महाग. फूटभर उंचीचा बाहुला परवडेनासा झाला. 1974 मध्ये ताकारानं त्याला जेमतेम 10 सेंटिमीटरवर आणलं आणि नाव दिलं मायक्रोमॅन. तो दुसऱ्या ग्रहावरून आलाय, आपल्यातच लपून राहतो आणि दिसतो तेवढाच आहे, म्हणजे खरोखरच बोटभर उंच, अशी त्याची कथा.

इथेच पुढच्या सगळ्या प्रकाराचं बीज आहे. हिरोच बोटभर उंचीचा असेल तर त्याच्याभोवतीच्या वस्तू कुठल्या? तुमच्या घरातल्याच! 1983 मध्ये ताकारानं 'मायक्रो चेंज' ही मालिका काढली. त्यात कॅमेरा, घड्याळ, कॅसेट, पिस्तूल अशा रोजच्या वस्तू होत्या, आणि त्यांचे होत होते रोबो. त्यातली एक छोटीशी कॅसेट उलगडली की व्हायचा पक्षी. जपानीत त्याचं नाव कॉन्डर.

पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, हॅस्ब्रोनं ताकाराची ही आणि 'डायाक्लोन' नावाची दुसरी मालिका एकत्र करून अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स आणले. जी. आय. जोच्या रूपानं जे जपानला गेलं होतं, ते रूप पालटून घरी परत आलं! मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावं आणि स्वभाव दिले. आपला कॉन्डर झाला लेझरबीक. टेपरेकॉर्डर होणाऱ्या साउंडवेव्हच्या छातीत कॅसेट बनून बसायचं, बटण दाबलं की बाहेर पडून पक्षी व्हायचं आणि शत्रूवर पाळत ठेवायची, हे त्याचं काम. स्वभाव? मागे राहिलेल्या एकट्यादुकट्याला गाठण्यात हुशार, पण जरा धोका दिसला की थेट मालकाच्या आसऱ्याला!

लेझरबीकच्या पाठीवर दोन चकचकीत क्रोम केलेल्या तोफा लावता यायच्या. म्हणजे इथपर्यंत पक्षी हत्यार *वापरत* होता. तो स्वतः हत्यार व्हायला आणखी पाच वर्षं जायची होती.

बंदुकीला जीव आला

मधल्या काळात एक गंमत झाली. ट्रान्सफॉर्मर्सचा मुख्य खलनायक मेगाट्रॉन हा मायक्रो चेंजमधला पिस्तूल-रोबो होता. साधंसुधं पिस्तूल नाही, वॉल्थर पी-38 या खऱ्या जर्मन पिस्तुलाची हुबेहूब नक्कल. लांबून बघणाऱ्याला खरं-खोटं कळणं कठीण. खेळण्यातल्या बंदुकींमुळे गैरसमज होऊन गंभीर प्रसंग ओढवू शकतात, ही काळजी अमेरिकेत वाढत गेली. अखेर 1988 मध्ये तिथे कायदाच झाला आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला भडक नारिंगी खूण सक्तीची झाली. पुढच्या काळात मेगाट्रॉन मुख्यतः रणगाडा झाला, विमान झाला.

पण रोबोंचं युद्ध तर चालूच, मग हत्यार हवंच. 1987 मध्ये 'टार्गेटमास्टर्स' आले. यात मोठ्या रोबोच्या हातातली बंदूक म्हणजे एक छोटा रोबो. ब्लरच्या हातात हेवायर, हॉट रॉडच्या हातात फायरबोल्ट. खरं पिस्तूल लपवण्याऐवजी बंदुकीलाच चेहरा दिला, नाव दिलं. त्या वर्षीच्या अमेरिकन कार्टूनच्या शेवटच्या तीन भागांत तर नेब्युलॉस ग्रहावरची जिवंत माणसं खास पोशाख घालून या बंदुका बनतात. विचार करा, तुमचा पार्टनर म्हणतोय, 'मी घडी होतो, तू मला धर!'

अमेरिकेतलं कार्टून 1987 मध्ये संपलं, पण जपाननं आपल्या वेगळ्या मालिका चालू ठेवल्या. 1989 च्या 'ट्रान्सफॉर्मर्स : व्हिक्टरी'मध्ये अवतरली ब्रेस्टफोर्स ही खलनायकांची टोळी. हिच्यातल्या प्रत्येकाच्या छातीवर एक प्राणी. कुणाच्या सिंह, कुणाच्या वटवाघूळ. गायहॉक नावाच्या गड्याच्या छातीवर ससाणा, त्याचं नाव हॉकब्रेस्ट. आणि यांचा सुप्रीम बॉस डेथसॉरस, त्याच्याकडे एक नाही तर दोन : टायगरब्रेस्ट आणि ईगलब्रेस्ट.

या ब्रेस्ट-प्राण्यांचा फंडा तिहेरी. सुटा केला की प्राणी. छातीवर बसवला की चिलखत. हातात दिला की बंदूक. एकाच पाखराला तीन नोकऱ्या! आपल्याकडे 'ऑल-राउंडर हवा' अशी जाहिरात देणाऱ्या एचआरवाल्यांनी हे खेळणं बघितलं असेल अशी दाट शंका येते.

5 मिलिमीटरची जादू

आता प्रश्न असा की पक्ष्याची बंदूक होते कशी? थोडं इंजिनिअरिंग, घाबरू नका.

पक्षी आणि बंदूक यांच्यात आकाराचं नातं आहेच. पक्ष्याची मान आणि चोच पुढे झेपावलेली असते, बंदुकीची नळीही तशीच. पक्ष्याचे पाय पोटाखाली, बंदुकीची मूठही नळीखाली. पंख उघडले की सपाट, रुंद आकार मिळतो, म्हणजे छातीवरचं कवच किंवा ढाल तयार. पंख अंगाशी मिटले की लांबट, निमुळता आकार, म्हणजे नळी. डिझायनरला नवे भाग जोडावे लागत नाहीत, आहेत तेच वळवायचे असतात. म्हणून सिंह किंवा गेंड्यापेक्षा पक्ष्याचं रूपांतर डोळ्यांना जास्त पटतं. चार पाय लपवायचे कुठे, हा प्रश्नच नाही!

पण खरी हिरोइन आहे एक खुंटी. पाच मिलिमीटर जाडीची. मायक्रोमॅनच्या काळापासून ताकाराच्या खेळण्यांत 5 मिलिमीटरची खुंटी आणि 5 मिलिमीटरचं भोक हे माप वापरलं गेलं. ते पुढे ट्रान्सफॉर्मर्समध्ये आलं आणि आजही बहुतेक नव्या रोबोंच्या मुठीत तेच भोक असतं. याचा अर्थ काय? डेथसॉरसचा गरुड ऑप्टिमसच्या मुठीतही बसू शकतो! कार्टूनमधली दुश्मनी खुंटीला ठाऊक नसते. मोबाइल चार्जरच्या पिनवरून आपण इतकी वर्षं कपाळ बडवलं, आणि खेळण्यांच्या दुनियेत मात्र एक माप पन्नास वर्षं टिकून आहे. सलाम!

या मापाच्या जिवावर पुढच्या पिढ्या आल्या. 2002 च्या 'आर्माडा' मालिकेत मिनी-कॉन नावाचे पिटुकले रोबो होते. त्यातली तीन छोटी विमानं एकत्र आली की एक तलवार तयार व्हायची. 2012 मध्ये जपानमध्ये 'आर्म्स मायक्रॉन' आले. तोपर्यंत ताकारा आणि टोमी या कंपन्या 2006 मध्ये एकत्र येऊन टाकारा टोमी झाल्या होत्या. आर्म्स मायक्रॉन सुट्या भागांच्या रूपात यायचे, ते आपणच जोडायचे, स्टिकर आपणच लावायचे आणि मग त्या छोट्या जीवाचं हत्यार करायचं. 2019 च्या सुमारास आलेल्या 'सीज' मालिकेत बॅटल मास्टर्स होते, त्यात टेरॅक्सॅडॉन नावाचा, डायनोसॉरच्या काळातल्या उडत्या सरड्यासारखा गडी हत्यार बनून दुसऱ्याच्या हातात जायचा.

सोबती की साधन?

इथे जरा थांबू या. कारण हे सगळं क्यूट असलं तरी त्यात एक टोचणारी गोष्ट आहे. ज्याला नाव आहे, चेहरा आहे, मर्जी आहे, त्याला दुसऱ्यानं हातात धरायचं आणि झाडायचं. हा सोबती झाला की साधन?

ही कल्पना काही जपान्यांनी शोधलेली नाही. शिकाऱ्याच्या मुठीवर बसलेला बहिरी ससाणा आठवा. तो पक्षीही आहे आणि शिकाऱ्याचं हत्यारही. आपल्याकडे तर सिंहगडाच्या दंतकथेत यशवंती घोरपड दोर घेऊन कडा चढते. ती तानाजीची सोबतीण की चढाईचं साधन? पिढ्यान्‌पिढ्या गोष्ट सांगणाऱ्यांनी तिला नाव दिलं, यातच उत्तर आलं. नुसता दोर कुणाच्या लक्षात राहिला असता?

'आर्माडा'ची कथा लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडला होता, हे विशेष. तिथे दोन्ही बाजूंचे मोठे रोबो मिनी-कॉन मिळवण्यासाठी भांडतात, कारण ते जोडले की ताकद वाढते. आणि मिनी-कॉनना मुळात या भांडणात पडायचंच नसतं! मुलांच्या कार्टूनमध्ये छोट्यांच्या मर्जीचा हा मुद्दा घेणं, हे सॉल्लिड होतं.

आता जरा स्वतःच्या क्यूबिकलकडे बघा. सोमवारी सकाळी आपण पक्षी असतो. स्वतःच्या आयडिया, स्वतःचे पंख. अकराच्या मीटिंगमध्ये आपल्याला छातीवर बसवलं जातं, म्हणजे क्लायंट ओरडला तर गोळी आधी आपल्याला लागेल. आणि दुपारी दुसऱ्या डिपार्टमेंटवर रोखायला आपल्याच एक्सेल शीटची बंदूक! तिन्ही कामं आपण करतो, पगारही त्याचाच मिळतो. त्यात कमीपणा काही नाही. टीमवर्क त्यालाच म्हणतात.

फक्त एक गोष्ट या खेळण्याकडून शिकण्यासारखी आहे. याचं रूपांतर *उलटंही* होतं. चांगल्या डिझाइनची खरी कसोटी पक्ष्याची बंदूक होते की नाही ही नाहीच. बंदुकीचा परत पक्षी तितक्याच सहज होतो का, आणि तो पक्षी कुणाचाही आधार न घेता टेबलावर आपल्या पायांवर उभा राहतो का, ही आहे. जो उभा राहत नाही, तो पक्षी नव्हताच, ती पंख लावलेली बंदूक होती. संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप बंद केल्यावर आपला परत पक्षी होतोय का, हे ज्याचं त्यानं तपासावं.

मुलांच्या बाबतीतही हाच मुद्दा. भाच्याला बंदूक द्यावी का, हा प्रश्न आपल्या पिढीच्या मामा-मावशांना पडतोच. नुसत्या बंदुकीला एकच काम येतं : रोखायची आणि 'ठो' करायचं. पक्ष्याच्या बंदुकीचं तसं नाही. तिला परत उडवावं लागतं, तिला झोपायला जागा लागते, तिला भूक लागते. हत्यार खाली ठेवण्याचा एक मार्ग त्या खेळण्याच्या सांध्यांतच बसवलेला आहे. त्यामुळे माझं मत विचाराल तर : बंदूक नको, पक्षी द्या. त्याची बंदूक होते हे तो स्वतःच शोधून काढेल, आणि तिचा परत पक्षी करायचा हेही.

हरवतो तो छोटाच

आता पैशाचं बोलू. जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या जगात एक नियम आहे : मोठा रोबो टिकतो, छोटा हरवतो. सोफ्याच्या फटीत, गाडीच्या सीटखाली, शिफ्टिंगच्या खोक्यात. म्हणून जुन्या रोबोची किंमत ठरवताना पहिला प्रश्न असतो, 'कम्प्लीट आहे का?' छातीवरचा पक्षी नसेल तर ब्रेस्टफोर्सवाल्याच्या छातीच्या जागी नुसती पोकळी. फुकट आलेली वस्तू नसल्यानं मुख्य वस्तूचा भाव पडतो. आहे की नाही न्याय?

'व्हिक्टरी'ची खेळणी 1989 मध्ये अमेरिकेत विकलीच गेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याभोवती एक वलय तयार झालं. हॅस्ब्रोनं 'हॅस्लॅब' नावाचा प्रकार सुरू केला. त्यात आधी ग्राहकांनी पैसे भरायचे आणि ठरावीक संख्या जमली तरच खेळणं बनवायचं. 2023 मध्ये डेथसॉरस या पद्धतीनं आला. किंमत साधारण 180 डॉलर, आणि किमान 11,000 लोकांनी नोंदणी करायची अट. ती पूर्ण झाली. टायगरब्रेस्ट आणि ईगलब्रेस्ट अर्थातच सोबत. चौतीस वर्षांनी तो गरुड नव्यानं घडला, तेही मोठ्या झालेल्या मुलांच्या क्रेडिट कार्डावर!

आपल्याकडचं गणित थोडं वेगळं. हॅस्ब्रोशी आपलं नातं जुनं आहे. 1987 मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल सुरू केली, आणि आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी वाढदिवसाला मिळवलेले जी. आय. जो गोव्यातल्या कारखान्यात बनलेले होते. आयात खेळण्यांवर मात्र सरकारनं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेलं आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्कही सक्तीचा झाला. परदेशातल्या वेबसाइटवरचा डॉलरचा आकडा बघून हरखून जाऊ नका, घरी येईपर्यंत तो फुगलेला असतो.

घेताय? मग हे बघाच!

• उभा राहतो का : पक्षी टेबलावर ठेवून बघा. लगेच तोंडावर आपटत असेल तर पुढचा घ्या.

• खुंटी तपासा : 5 मिलिमीटरची खुंटी रोबोच्या मुठीत घट्ट बसायला हवी, पण कोंबावी लागता कामा नये. जोर लावला की मूठ तडकते.

• सैल झाली तर : खुंटीवर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग बसवा. जुन्या संग्राहकांची ही ट्रिक मस्त चालते.

• ऊन नको : खिडकीतल्या उन्हात पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं. डेस्क खिडकीशी असेल तर पाखराला ड्रॉवरमध्ये झोपवा.

• जुनं सोनेरी प्लॅस्टिक जपून : ऐंशीच्या दशकाच्या अखेरच्या आणि नव्वदच्या दशकातल्या काही खेळण्यांचं सोनेरी झाक असलेलं प्लॅस्टिक काळाबरोबर ठिसूळ होतं. हात लावताच तुकडे! अशा वस्तू फक्त बघायच्या, फिरवायच्या नाहीत.

• तीन वर्षांखालच्या बाळापासून लांब : अमेरिकेत 1978 च्या अखेरीस एका खेळण्यातल्या यानाचं बारीक क्षेपणास्त्र घशात अडकून एका लहान मुलाचा जीव गेला होता. पिटुकला पक्षी, त्याची चोच, त्याची तोफ, सगळं तोंडात जाण्याच्या मापाचं असतं. यात नो कॉम्प्रमाइज.

• नक्कल ओळखा : क्रॉफर्ड मार्केट असो की तुळशीबाग, स्वस्तात मिळणाऱ्या कॉपीला धारदार कडा आणि उग्र वास असेल तर सरळ परत ठेवा. लहान मुलासाठी घेताना आयएसआय मार्क बघाच.

• छोट्याची वेगळी डबी : गोळ्यांची रिकामी डबी, त्यात कापूस. मोठा रोबो कुठेही राहील. सांभाळायचं आहे ते पाखराला.